हिशेब तहाच्या दिवशी बंद होत नाही

युद्धाच्या किमतीवरचा एक लेख वाचला. त्यात ही किंमत मृत आणि जखमींच्या आकड्यांत मांडली आहे. आकडे बरोबरच असतील, पण तह झाला त्या दिवशी हिशेब बंद केलाय, ते काही पटलं नाही.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्यातल्या एका सैनिकाच्या मुलीला सरकार दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन देत होतं, ते ती २०२० मध्ये वारली तेव्हा थांबलं. म्हणजे सरकारी दप्तरातसुद्धा युद्ध दीडशे वर्षं चालतं! आणि हा झाला फक्त कागदावरचा खर्च.

नेदरलँड्समधला १९४४-४५ चा ‘भुकेचा हिवाळा’ घ्या. जर्मनांनी अन्नपुरवठा रोखला तेव्हा जी बाळं आईच्या पोटात होती, त्यांच्यात पुढे मोठेपणी मधुमेहाचं आणि स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण जास्त आढळलं. युद्ध ज्यांनी पाहिलंच नाही, त्यांच्या अंगात ते मुरलं. लाओसमध्ये तर १९६४ ते १९७३ या काळात पडलेले, न फुटलेले बॉम्ब आजही शेतांत सापडतात, आणि खेळणं समजून मुलं ते उचलतात.

घरातलं नुकसान मात्र कुठल्याच दप्तरात येत नाही. परतलेला बाप गप्प असतो, रात्री दचकून उठतो, कधी हात उगारतो. मुलं त्याचा नूर ओळखत वाढतात आणि तोच धसका पुढे आपल्या संसारात नेतात. बायकांनी हे सगळं निस्तरलं, त्यांना ना पदक ना पेन्शन. लेखकाने यावर एखादा परिच्छेद तरी द्यायला हवा होता.