तुझा गाना कवा वाजवाचा?

मागच्या महिन्यात घणसोली गावात एका मित्राच्या बहिणीची हळद होती. रात्रीचे नऊ वाजले असतील. गल्लीत मांडव, एका बाजूला मटणाचे टोप, दुसऱ्या बाजूला डीजेचे बॉक्स एकावर एक रचलेले. डीजेनं हळदीचं एक गाणं लावलं आणि सात-आठ वर्षांच्या पोरींपासून नवरीच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात त्याचे शब्द. मित्राला विचारलं, कधीचं रे हे? म्हणाला, पंधरा दिवस झाले असतील, पलीकडच्या गावातल्या पोरांनी केलंय.

पंधरा दिवस! आमचं पहिलं गाणं ऑनलाइन येऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. त्याचे शब्द न चुकता म्हणतील अशी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. त्यातही गीतकाराला धरायचं की नाही हा प्रश्न होताच.

मी तेवढ्यात मित्राला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमचंही गाणं आहे, स्पॉटिफायवर आहे, ॲपल म्युझिकवर आहे, सगळीकडे आहे. त्याचा चुलतभाऊ शेजारी उभा होता. तो डीजे. त्यानं शांतपणे विचारलं, "बरा हाय. पन तुझा गाना कवा वाजवाचा?"

मला उत्तर देता आलं नाही. महिनाभर तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आमचा बँड तिघांचा, गायक, तबलजी आणि मी. ठाण्यात पाचपाखाडीला गायकाच्या घरी बेडरूममध्ये रेकॉर्डिंग करतो. कपाटाची दोन्ही दारं उघडायची आणि आत टांगलेल्या काकूंच्या साड्यांसमोर माइक लावायचा. साड्या आवाज छान पितात, भिंतीवरून खोलीचा घुमारा येत नाही. रेशमीपेक्षा सुती बऱ्या. हे आम्हाला कुठल्याही यूट्यूब गुरूनं शिकवलेलं नाही. खालच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला की टेक घ्यायचा. बाकी दिवसा तिघांच्याही नोकऱ्या आहेत.

गाणं झालं की ते डिस्ट्रिब्यूटरकडे जातं. स्पॉटिफाय किंवा ॲपलला तुम्ही-आम्ही थेट गाणं देऊ शकत नाही, मध्ये ही मंडळी लागतात. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी वगैरे. कोणी वर्षाची वर्गणी घेतं, कोणी गाण्यामागे एकदाच पैसे घेतं, कोणी कमाईत वाटा घेतं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, दीडशेहून अधिक प्लॅटफॉर्मवर तुमचं गाणं! आणि ते खरंही असतं. अर्ध्या तासाचं काम. फॉर्म भरा, कव्हरचं चित्र चढवा, तारीख निवडा. वर्गणीवाल्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, हे भाड्याचं घर आहे. बऱ्याच ठिकाणी वर्गणी थकली की गाणी खाली उतरतात. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरांचा आयएसआरसी नावाचा कोड मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्यूटर बदललात तर नवीन ठिकाणी तोच जुना कोड द्यायचा, म्हणजे गाण्याचे जुने आकडे शून्यावर जात नाहीत. आम्ही लिहून ठेवला नव्हता. असो.

पहिल्या गाण्याच्या नावात 'ळ' होता. फॉर्म रोमन लिपीत भरला. गायक म्हणाला नुसता एल लिहू, मी म्हटलं डबल एल, तबलजी म्हणाला नावच बदला. शेवटी एल लिहिला. रिलीजच्या दिवशी माझ्या आईनं तिला जमेल तसं स्पेलिंग टाकून शोधलं, तर भलतंच एक भजन लागलं. तिनं ते पूर्ण ऐकलं आणि मला म्हणाली, "छान झालंय रे, पण तुमचा आवाज ओळखू आला नाही." वरून आमच्या बँडच्या नावाचा आणखी कोणीतरी होता. गाणं दोन आठवडे एका पंजाबी रॅपरच्या पानावर नांदत होतं. त्याच्या चाहत्यांना अचानक यमन ऐकून काय वाटलं असेल ते एक तेच जाणोत.

मग प्रमोशन! इथे आमची खरी फजिती आहे आणि ती मी लपवणार नाही. इन्स्टावर एकाचा मेसेज आला, १०,००० स्ट्रीम्स, ३,००० रुपये, 'शंभर टक्के ऑरगॅनिक'. दिले पैसे. आठवडाभर आकडा चढत होता आणि आम्ही तलावपाळीवर बसून दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो. मग गायकानं शहरांची यादी उघडली. ठाणे नाही, पुणे नाही, नाशिक नाही. जिथे मराठी माणूस चुकूनही सापडायचा नाही अशा एका परदेशी शहरात हजारो लोक आमचं गाणं ऐकत होते. ऐकणारे ३,४००, गाणं सेव्ह करणारे ४. त्यातले तीन आम्ही आणि चौथी तबलजीची बायको.

३० सेकंदं वाजलं की स्ट्रीम मोजला जातो, एवढंच गणित आहे. ते यंत्राला माणसापेक्षा चांगलं जमतं. प्लॅटफॉर्मनाही हे कळतं, आणि असे नकली स्ट्रीम्स ठळक दिसले तर स्पॉटिफाय २०२४ पासून डिस्ट्रिब्यूटरकडून दंड घेतं. आम्हाला एक कोरडा ईमेल आला आणि गाणं खाली उतरलं. आता कोणी 'प्लेलिस्टिंग करून देतो', म्हणजे लोक ऐकतात त्या गाण्यांच्या याद्यांत तुमचं गाणं घालून देतो, असं म्हणालं की आमचा तबलजी त्याला विचारतो, यादीतल्या एका तरी ऐकणाऱ्याचा आवाज ऐकव. आजवर कोणी ऐकवलेला नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण थोडकाच आहे. दर स्ट्रीमला ठरलेला भाव असतो असं सगळे समजतात. नसतो. वर्गणीचा आणि जाहिरातींचा पैसा एका हंड्यात जमतो आणि एकूण ऐकण्यात तुमचा जेवढा हिस्सा तेवढं पळीनं तुमच्या पानात. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की मागच्या १२ महिन्यांत एखाद्या गाण्याचे किमान १,००० स्ट्रीम्स झाले नाहीत, तर त्या गाण्याला पळीही नाही. आमच्या चार गाण्यांपैकी दोन त्या पंगतीत बसलेलीच नाहीत.

आणि ही ॲपंसुद्धा किती दिवसांची सोबती? जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि गावागावांतल्या पोरांचे लाखांतले फॉलोअर एका रात्रीत हवेत गेले. जुलैत इन्स्टाचं रील्स आलं, पुन्हा शून्यापासून सुरुवात. रेसो हे गाणी ऐकायचं ॲप जानेवारी २०२४ मध्ये गेलं, त्याच वर्षी विंक या तसल्याच ॲपनंही गाशा गुंडाळला. आमचं दुसरं गाणं विंकवर बरं चाललं होतं म्हणे. तिथे ऐकणारी माणसं आता कुठे आहेत मला माहीत नाही. त्यांची नावं तेव्हाही माहीत नव्हती.

आता परत घणसोलीला.

त्या हळदीच्या गाण्याचा व्हिडिओ मी घरी येऊन बघितला. साधाच. खाडीकिनारा, दोन होड्या, एक बंगला, नाचणारी पोरं. मी डिस्क्रिप्शन उघडलं. पहिल्याच ओळीत काय? 'हळदी समारंभ व लग्नाच्या ऑर्डरसाठी संपर्क', पुढे दोन मोबाइल नंबर. स्पॉटिफायची लिंक सगळ्यात खाली, असली तर असली. मित्राकडून पुढचं कळलं. लग्नसराईच्या आधी गाणं बाहेर काढायचं. यूट्यूबवर टाकायच्या आधीच ते ओळखीच्या डीजेंना पेनड्राइव्हवर द्यायचं. ते आपापल्या ढंगाचं रीमिक्स करतात, करू द्यायचं, भांडत बसायचं नाही. चार हळदींमध्ये वाजलं की पाचव्या हळदीचा यजमान फोन करतो. स्ट्रीमचे पैसे आले काय नि नाही आले काय, ऑर्डर आली पाहिजे.

आणि हे इंटरनेटनं शिकवलेलं नाही बरं का. आगरी लग्नात धवलारीण असते. धवले गाणारी बाई, तिच्या गाण्याशिवाय लग्नाचे विधी पुढे सरकत नाहीत. तिला कधी कोणी विचारलं नसेल की तुझी गाणी किती प्लॅटफॉर्मवर आहेत! कुठलं गाणं कोणत्या विधीला, हे तिला पक्कं माहीत असतं. त्या डीजेच्या प्रश्नामागे एवढं सगळं आहे. मी शहरातला, पाचपाखाडीतला, 'इंडी आर्टिस्ट' असं बायोमध्ये लिहिणारा, आणि मला माझं गाणं कधी वाजवायचं हेच सांगता येत नव्हतं.

यावर एक मित्र म्हणाला, म्हणजे आता तुम्ही पण हळदीची गाणी करणार का? नाही रे बाबा. आमच्याच्यानं होणारही नाही, त्याला वेगळा दम लागतो. पण आमच्या गाण्याचीही काहीतरी वेळ असेलच ना? आम्ही मात्र जग करतं म्हणून शुक्रवारी रिलीज केलं. २०१५ पासून जगभर शुक्रवार हा नव्या गाण्यांचा वार ठरला आहे. ठीक आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी आमचा श्रोता फास्ट लोकलच्या दारात एका पायावर उभा असतो. चौथं गाणं पावसाचं होतं. तयार झालं डिसेंबरात, म्हणून टाकलं डिसेंबरात. पावसाचं गाणं! डिसेंबरात! हे लिहितानाही लाज वाटते.

रील्सबद्दल एकच. पहिल्या तीन सेकंदांत पकडायचं म्हणून आम्ही दुसऱ्या गाण्याचा आलाप कापला. रील जरा बरं चाललं. नंतर एका घरगुती मैफिलीत गायकानं आलापासकट म्हटलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, हे फोनवर का नाही? काय सांगणार त्यांना?

त्याच मैफिलीपासून खरं काहीतरी सुरू झालं. घोडबंदर रोडला एका सोसायटीचं क्लब हाउस, ४० खुर्च्या, तिकीट नाही, दाराशी एक डबा. आणि डब्याशेजारी एक वही, नाव आणि नंबर लिहायला. घरी येऊन त्या नंबरांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. नवीन गाणं टाकलं की सगळ्यांना एकदम मेसेज. पहिला मेसेज ३७ जणांना गेला आणि पोचला ११ जणांना. आम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. नंतर कळलं की ब्रॉडकास्टचा नियमच तसा आहे, समोरच्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो. मी या नियमाच्या प्रेमात आहे. म्हणजे एखाद्या बाईनं कधीतरी, दूधवाला आणि गॅसवाल्याच्या मधे, आमचं नाव टाइप करून ठेवलेलं असतं. एका यादीत २५६ नंबर मावतात. सध्या आमचे १८८ आहेत. डबा आणि ही यादी मिळून तीन मैफिलींत जे आलं, ते चार गाण्यांच्या सगळ्या स्ट्रीमिंगच्या कितीतरी पट आहे. आकडा सांगत नाही, गायकाचे सासरे फेसबुकवर आहेत.

एक विषय उरला. रटाळ आहे, पण त्यात लोक नागवले जातात. ओळखीच्या एका गीतकारानं पाच हजारांत स्टॅम्प पेपरवर सही केली, 'सर्व हक्क कायमस्वरूपी'. समोरचा म्हणाला, इंडस्ट्रीत असंच असतं. अरे, नसतं! २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क असा लिहून देताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे, सभासद व्हा. आमच्यात तर गाणं पुरं व्हायच्या आधीच कागदावर लिहितो, कोणाचा किती वाटा. पहिल्यांदा लिहिताना तबलजीशी असलेली पंधरा वर्षांची मैत्री तुटते की काय असं वाटलं होतं. वडापाव खाऊन मिटलं.

आणि तुकोबांचं काही केलंत तर मन घट्ट ठेवा. आम्ही एका अभंगाला स्वतःची चाल लावून यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, तिसऱ्या दिवशी एका कंपनीचा दावा, हे आमचं आहे. चारशे वर्षांपूर्वीचे शब्द, चाल आमची, टाळ माझ्या मामाचे, आणि मालक हे! हरकत नोंदवली. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. त्यांनी ३० च्या ३० दिवस काढले, एक शब्द न बोलता, आणि दावा आपोआप पडला. तोवर आषाढी होऊन गेली होती.

तर आता पावसाचं गाणं पुन्हा करतोय. आलाप पूर्ण, नवं रेकॉर्डिंग, साड्याही बदलल्यात. मे अखेरीस डिस्ट्रिब्यूटरकडे देणार, कारण स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी सुचवावं लागतं, आणि तिथपर्यंत पोचायलाही वेळ जातो. रिलीज मात्र शुक्रवारी नाही. ज्या दिवशी ठाण्यात पहिला खरा पाऊस पडेल त्या रात्री यादीवर आधी जाईल, ॲपवर जेव्हा यायचं तेव्हा येईल. घणसोलीच्या डीजेलाही कळवलंय. तो म्हणाला, "आता बरा. पाऊस परला का लावतू."

यादीत यायचं असेल तर मेसेंजरवर नाव आणि गाव पाठवा, मी नंबर देतो. तो सेव्ह करायचा, नाहीतर वर लिहिलंय तसं काहीच पोचणार नाही. नुसतं 'हाय' पाठवू नका. मेसेज तबलजी बघतो आणि तो प्रत्येक 'हाय'शी गप्पा मारत बसतो.