ब्राइस यंगलाच खेळवा

शनिवारी आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ पँथर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, रॅम्सकडून 34-31 ने हरला आणि आमच्या शार्लटमध्ये पुन्हा तोच वाद पेटला. ऑफिसात, मुलाच्या शाळेबाहेर, इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळीकडे एकच: पँथर्सनी पुढच्या सीझनला ब्राइस यंगला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ठेवावा का? ग्रुपवर दोन ओळीत उत्तर दिलं, पण जीव भरला नाही. म्हणून इथे लिहितेय.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो तेव्हा त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याच्या अंगावर येत असतात. त्याच्या पुढचे पाच जण, म्हणजे लाइन, त्यांना अडवतात आणि तेवढ्यात त्याने कुणाकडे फेकायचं ते ठरवायचं. लाइन कमी पडली की तो चेंडूसकट आडवा. याला सॅक म्हणतात.

2023 च्या सीझनमध्ये ब्राइस 62 वेळा सॅक झाला. 16 सामन्यांत 62. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, उंची जेमतेम 5 फूट 10 इंच, म्हणजे या खेळात अगदी लहानखुरा. मी दर रविवारी बघत होते. डिसेंबरपर्यंत अशी वेळ आली होती की पुढे कुणी येत नसलं तरी त्याचे पाय आधीच थरथरल्यासारखे हलायचे. नजर मैदानभर फिरायच्या ऐवजी अंगावर येणाऱ्यांकडे जायची. ही सवय लागली की क्वार्टरबॅक संपतो असं म्हणतात आणि ती आम्ही त्याला लावली. 'आम्ही' म्हणजे संघाने.

कारण त्याला आणलं कसं ते आठवा. ड्राफ्टमधला (कॉलेजमधले नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात ती निवड) पहिला नंबर मिळवायला शिकागोच्या संघाला आपला नववा नंबर दिला, पुढच्या वर्षाचा पहिल्या फेरीतला हक्क दिला, दुसऱ्या फेरीतले आणखी दोन दिले, आणि वर डी. जे. मूर दिला. मूर हा संघातला सगळ्यात भरवशाचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा! म्हणजे फेकणारा आणायला झेलणारा देऊन टाकला. 11 सामन्यांनंतर मुख्य कोच फ्रँक राइक यांना काढलं. पुढच्या वर्षी डेव्ह कनालिस आले, पण दोनच सामने झाले, न्यू ऑर्लिन्सकडून 47-10 आणि चार्जर्सकडून 26-3 असा मार खाल्ला आणि ब्राइस बाकावर. तोवर त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या 18 सामन्यांतले फक्त 2 जिंकले होते.

तेव्हा मीही म्हणाले होते, बरं झालं. आजही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. पोराला श्वास घ्यायला जागा हवी होती. मला राग आला तो त्यानंतरच्या बोलण्याचा. त्याच्या जागी आलेल्या अँडी डाल्टनने पुढचाच सामना जिंकून दिला आणि गावाने निकाल लावून टाकला: याच्यात दमच नाही, हा टेक्सन्सचा स्ट्राउड (त्याच ड्राफ्टमध्ये याच्यानंतर निवडलेला क्वार्टरबॅक) नव्हे, विका याला.

हेच गाव आमच्या आधीच्या क्वार्टरबॅकला, बेकर मेफिल्डला, 2022 मध्ये असंच बोललं होतं. त्याच काळातल्या दुसऱ्या क्वार्टरबॅकला, सॅम डार्नल्डलाही. मेफिल्ड इथून गेला आणि त्याच्या हाताखाली टँपाने लागोपाठ दोन वर्षं आमचाच विभाग जिंकला. डार्नल्डने 2024 मध्ये मिनेसोटासोबत 14 सामने जिंकले. दोघांचे हात इथे होते तेच तिथे. बदलली होती ती पुढची लाइन, कोच आणि थोडा धीर. एवढे चटके बसूनही आम्ही तिसऱ्यांदा तेच करायला निघालोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, अंगठा दुखावला, म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये ब्राइस परत आला. पहिल्यासारखा राहिला नव्हता. पाय शांत होते. कॅन्सास सिटीसारख्या विजेत्यांना त्याने शेवटच्या क्षणापर्यंत झुंजवलं, 30-27 ने हरलो. शेवटच्या सामन्यात अटलांटाला त्यांच्याच घरी 44-38 ने हरवलं.

आणि हा 2025 चा सीझन? मान्य आहे, एकसारखा नाही. नोव्हेंबरमध्ये अटलांटाविरुद्ध त्याच्या फेकींतून 448 यार्ड मिळाले, संघाच्या इतिहासात एका सामन्यात कुणीच एवढे फेकले नव्हते, आमचा जुना स्टार क्वार्टरबॅक कॅम न्यूटननेसुद्धा नाही. पुढच्याच सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोत फक्त 9 गुण. मग रॅम्सना हरवलं, मग डिसेंबरअखेर सिएटलकडून 27-10. आम्ही 8 विजय आणि 9 पराभव अशा रेकॉर्डवर विभाग जिंकलो आणि त्यात इतरांच्या निकालांची मदत होती, हे कुणी लपवू नये. पण मी गुणफलकापेक्षा एकच गोष्ट बघते: लाइन फुटल्यावर हा मुलगा कुठे बघतो. 2023 मध्ये तो खाली बघायचा. शनिवारी चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही मागे होतो, रॅम्सचे लोक दोन्ही बाजूंनी येत होते आणि तो पुढे बघत होता. तीन मिनिटांहून कमी वेळ असताना जेलन कोकरकडे टचडाउन, आम्ही 31-27 ने पुढे. माझा मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. मग रॅम्सचा क्वार्टरबॅक स्टॅफर्डने उरलेल्या वेळात आमच्या बचावाला फाडून काढलं. त्यात ब्राइसचा काय दोष? तो तेव्हा बाजूला उभा होता.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पुढच्या सीझनला पहिल्या सामन्यापासून तोच खेळावा आणि एका वाईट रविवारनंतर बाकाची भाषा कुणी काढू नये. पण कित्येक वर्षांचा मोठा करार आत्ताच देऊ नये. असे चढउतार असणाऱ्याला एवढे पैसे बांधून दिले तर लाइनसाठी काही उरणार नाही आणि आपण पुन्हा 2023 मध्ये जाऊन पोचू. आधी त्याच्या पुढचे पाच जण धडधाकट ठेवा. ग्रुपवरच्या दादा लोकांना जे म्हणायचंय ते खाली कमेंटमध्ये म्हणा, मी प्रत्येकाला उत्तर देणार आहे.