बाथरूम आहे की ढग बनवायचा कारखाना

आज सकाळी आंघोळ करून, अंग कोरडं करून, कपडे घालून आरशासमोर उभी राहिले आणि वरून टप्पकन एक थंडगार थेंब बरोबर मानेवर. छतावरून. आणि माझं डोकंच सटकलं. आरशात बघावं तर आरसा नाहीच, नुसती पांढरी भिंत, हाताने पुसला तर हाताएवढी खिडकी झाली आणि अर्ध्या मिनिटात परत बंद. त्या खिडकीत मला माझं एक भुवईसकट चिडलेलं अर्धं तोंड दिसलं तेवढंच.

गेली तीन वर्षं मी या बाथरूमशी भांडतेय. तीन वर्षं! दरवर्षी तेच. शॉवरच्या वरच्या कोपऱ्यात आधी बारीक काळे ठिपके, मिरी सांडल्यासारखे, मग ते ठिपके एकमेकांना जाऊन मिळतात, मग रंगाला फुगे, मग पोपडे, आणि एक दिवस तो पोपडा बादलीत तरंगताना सापडतो. आणि घरात येणारा प्रत्येक जण मान वर करून एकच वाक्य बोलतो, "वरून लीकेज आहे हो तुमच्याकडे." अहो नाहीये लीकेज! वरच्या घरच्यांशी मी या लीकेजवरून इतकं वाकड्यात शिरले की ते अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. आणि शेवटी काय निघालं, तर पाणी त्यांचं नव्हतंच, आमचंच होतं, आमच्याच शॉवरची वाफ छतावर जाऊन बसत होती.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण हे मला आधी एकाने तरी सांगितलं असतं तर माझी शेजाऱ्यांपुढे शोभा झाली नसती. अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा घ्यायचा, ती जागा आधी कोरडी करायची, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून तो घट्ट चिकटवायचा. एक-दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या मागे पाणी असेल तर ओल भिंतीतून किंवा छतातून येतेय. पुढच्या बाजूला थेंब असतील आणि मागे कोरडं ठक्क असेल तर ती खोलीतली वाफ आहे. आमच्याकडे मागे कोरडं ठक्क. आणि पुढे अशी टपोरी थेंबांची रांग की मोजून घ्या.

बरं, मग उपाय काय? तर रंगारी. रंगाऱ्याने येऊन खरवडलं, पुट्टी, प्रायमर, वरून "स्पेशल अँटीफंगल" रंग. मी विचारलं, "दादा, बुरशी आधी नीट मारायला नको का?" तर म्हणाले, "रंगाखाली मरते ती." मरते?? चार महिन्यांत त्या स्पेशल रंगातून वर येऊन बसली बया! बुरशीला हवं काय असतं, ओल आणि चरायला थोडासा मळ, साबणाचा चिकट थर असला तरी चालतो तिला. ओल तशीच ठेवून तुम्ही वर सोन्याचा मुलामा द्या, काही फरक पडणार नाहीये.

आणि तो जगप्रसिद्ध सल्ला, "खिडकी उघडी ठेवा." आमच्या बाथरूमला खिडकी नाहीये. एक्झॉस्ट फॅन आहे. होता म्हणा. म्हणजे आवाज होता. घरघर घरघर, आणि मी भोळी, मला वाटायचं एवढा ओरडतोय म्हणजे काम करत असणार. परवा सहज टिश्यू पेपरचा एक तुकडा त्याच्या जाळीला लावून बघितला. चालू फॅनला कागद चिकटून राहायला पाहिजे, तो ओढला गेला पाहिजे ना आत. आमचा कागद निवांत खाली येऊन पडला. स्टुलावर चढले, जाळी काढली, तर जाळीवर धुळीची गोधडी. म्हटलं चला, सापडलं कारण. गोधडी धुतली. तरी जेमतेम. मग फॉल्स सिलिंगची फळी सरकवून मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला खरंच रडू आलं.

पाइप कशालाच जोडलेला नाही.

फॅनच्या मागे तो वळ्यावळ्यांचा चंदेरी पाइप आहे, दोन हात लांब, मध्ये पिळवटून चेपलेला, आणि त्याचं तोंड तिथेच फॉल्स सिलिंगच्या पोकळीत उघडं पडलंय. बाहेरच्या भिंतीला भोक आहे, भोकाला बाहेरून छान प्लास्टिकची झडप पण आहे. भोक इकडे, पाइप तिकडे. म्हणजे तीन वर्षं आम्ही वीज जाळून आंघोळीची वाफ व्यवस्थित उचलून छताच्या वर नेऊन ठेवत होतो, तिथे तिचं पाणी व्हायचं आणि ते परत आमच्याच टाळक्यात! ज्याने हे बसवलं त्याने बटण दाबलं, पातं फिरलं, पैसे घेतले, गेला. झाकलं की कोणाला दिसतंय.

यात अवघड शास्त्र काहीच नाहीये हो. गरम हवेत वाफ जास्त मावते. 20 अंशाच्या एक घनमीटर हवेत जेमतेम 17 ग्रॅम, 40 अंशाला जवळजवळ 50. ती गरम हवा थंड टाइलला, आरशाला, गार पाण्याने भरलेल्या फ्लशच्या टाकीला लागली की जास्तीचं पाणी तिथेच सोडून देते. ते टाकीला घाम सुटल्यासारखं दिसतं ना, ते हेच. म्हणून मी तीन वेळा प्लंबर बोलावला होता टाकी गळते म्हणून. तीन वेळा! आणि तीनही वेळा त्यांनी वॉशर बदलला, गळत नसलेल्या टाकीचा.

आता राहिली घरची मंडळी. नवरा अंग तळून निघेल अशा गरम पाण्याने पंचवीस मिनिटं आंघोळ करतो आणि बाहेर येता येता पहिलं काम काय, तर फॅन बंद. "लाइट गेला की फॅन पण घालवायचा ना." अरे बाबा, खरं काम तर आता आहे त्याचं, पंधरा-वीस मिनिटं तरी चालू दे! आणि दाराखाली बोटभर फट होती, ज्यातून आत कोरडी हवा यायची, तिथे यांनी "पाली येतात" म्हणून रबराची पट्टी मारलीय. हवा आत येणारच नाही तर फॅन बाहेर काय फेकणार, कप्पाळ? वायपर आणून ठेवलाय, आंघोळ झाली की टाइल्सवरून चार हात फिरवायचे, एक मिनिटाचं काम, तेवढंच पाणी मोरीत जातं, हवेत नाही. तो वायपर अजून कोरा आहे. ओले टॉवेल मात्र दारामागे एकावर एक तीन, वास असा की अंग पुसल्यावर परत आंघोळ करावीशी वाटते.

फॅन बसवणाऱ्याला फोन केला. म्हणे, "ताई, पाइप सुटला असेल, होतं असं." सुटला?? कधी जोडलाच नाही तर सुटेल कसा, त्या भोकाच्या कडेला सिमेंटच्या मसाल्याचा ओघळ वाळलाय तसाच आहे, ओरखडासुद्धा नाही! "उद्या येतो" म्हणालाय. परवापासून उद्याच येतोय.

आत्ता हे टाइप करतेय आणि आतून शॉवरचा आवाज येतोय. फॅनचा नाही. थांबा, आलेच.