पट्टा काळा, केस पांढरे

"या वयात आता कुणाला मारायचंय?" साठीकडे झुकलेला माणूस अजून कराटेच्या वर्गाला जातो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. मारायचं कुणालाच नाही, कधीच नव्हतं. पण त्या प्रश्नामागचा समज मला खटकतो. कराटे तरुणपणी उरकून टाकायचं आणि पुढे नुसते किस्से सांगायचे, असं लोकांना वाटतं.

ज्यांच्यामुळे कराटे जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाबाहेर पोचलं त्या गिचिन फुनाकोशींचं वय बघा. जन्म १८६८ चा. प्रात्यक्षिकं दाखवायला १९२२ मध्ये टोकियोला गेले तेव्हा पन्नाशी उलटलेली होती, शाळामास्तरकीत बरंच आयुष्य गेलेलं होतं. तिथे एका विद्यार्थी वसतिगृहात झाडलोट करत, राखण करत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. ते गेले १९५७ मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला त्यांचं काम म्हणतो ते बहुतेक सगळं पन्नाशीनंतरचं आहे. कराटेचा अभ्यास जन्मभराचा असतो, हे त्यांच्या वीस सूत्रांपैकी एक. या माणसाने ते नुसतं लिहिलं नव्हतं.

शरीर मात्र बदलतं, त्यात लाजायचं काय? वयाबरोबर स्नायू कमी होत जातात, आणि त्यातही झटक्याने काम करणारे तंतू आधी साथ सोडतात. म्हणून माझा ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, अजून बरा बसतो, पण मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, डोक्यापर्यंत जात नाही. कमरेपर्यंत जाते, तेवढी पुरे. वेग गेला की एक चांगलं होतं, झाकलेलं सगळं उघडं पडतं. ठोसा वेगात असताना मागची टाच उचलली गेली, खांदा वर आला, हिकितेचा, म्हणजे मागे खेचायचा हात बरगडीपर्यंत पोचलाच नाही, हे कुणाला दिसत नाही, स्वतःला तर नाहीच. तीच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, सावकाश केली की प्रत्येक चूक समोर येऊन उभी राहते.

उभं राहण्याचंच बघा. आम्हाला झेनकुत्सु-दाची, म्हणजे एक पाय पुढे टाकून उभं राहायची ढब, शिकवली ती लांब आणि खोल, पुढचा गुडघा चांगला वाकवून. मांड्या पेटायच्या. 'खालीऽऽ, अजून खाली!' हा आवाज ऐकतच आमची पिढी मोठी झाली. आता गुडघे तितकं खाली जाऊ देत नाहीत. त्याचं दुःख करत बसलो होतो, तेव्हा फुनाकोशींची विसाच्या दशकातली छायाचित्रं नीट पाहिली. हा माणूस चक्क उंच उभा आहे! पाय जवळ, पाठ सरळ, कसलाही आव नाही. शोतोकानमध्ये, म्हणजे फुनाकोशींच्या कराटे-शैलीत, ती खोल दाची आणि लांब पल्ल्याच्या लाथा मुख्यतः त्यांचा मुलगा योशिताका आणि त्याच्या बरोबरीच्या तरुणांनी आणल्या. योशिताका तरुणपणीच, १९४५ मध्ये गेला. म्हणजे ज्याला आम्ही 'अस्सल जुनं' समजून घाम गाळत होतो, तो एका तरुण मुलाचा नवा प्रयोग होता. आणि माझ्या गुडघ्यांनी मला जिथे आणून ठेवलंय, ती त्याच्याही आधीची उंची आहे. हे कळल्यावर मी मनातल्या मनात किती हसलो म्हणून सांगू.

त्यामुळे 'आमच्या वेळचं कराटे राहिलं नाही' ही माझ्या वयाच्या लोकांची आवडती तक्रार मला आता पटत नाही. आमच्या वेळचं तरी कुठे मूळचं होतं? फुनाकोशी त्यांचे गुरू आझातो यांच्या घरी रात्री शिकायला जायचे, कारण तेव्हा हे उघड्यावर शिकवत नसत. मग त्यांचे दुसरे गुरू इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेलं आणि मुलांना झेपतील अशा पिनान काता बसवल्या. त्याच आपण पुढे हेइआन या नावाने घोटल्या. ज्या काळ्या पट्ट्याचा आपल्याला एवढा अभिमान, तो ज्युदोचे जनक कानो यांच्या ज्युदोतून आलेला. फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. तेव्हाच्या एखाद्या म्हाताऱ्याने नाक मुरडलंच असेल.

याचा अर्थ आजचं सगळं मला आवडतं असं नाही. पट्टे भराभर वाटले जातात आणि पालक फोटो काढायला पुढे असतात, ते बघून जीव कासावीस होतो. पण मुलं घरी जाऊन मोबाईलवर जगज्जेत्यांची काता थांबवून थांबवून बघतात, ही चैन आम्हाला नव्हती. एक हालचाल विसरली तर पुढच्या वर्गापर्यंत तळमळत बसावं लागे. कराटे ऑलिंपिकमध्ये आलं २०२१ मध्ये, टोकियोतच, आणि पॅरिसला लगेच वगळलंही गेलं. तेव्हा पुष्कळ जण हळहळले. मला त्यातलं लक्षात राहिलं ते एवढंच, की महिलांच्या कातेचं सुवर्ण स्पेनच्या सांद्रा सांचेझने एकोणचाळिसाव्या वर्षी घेतलं.

कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, मी अजून उतरतो. जपून. पोरांचा वेग मला गाठता येत नाही, पण लाथ निघायच्या आधी कंबर हलते, ठोशाच्या आधी खांदा बोलतो, हे आता दिसतं. अर्धं पाऊल बाजूला सरलं की त्यांची सगळी मेहनत हवेत. त्यांना वाटतं काकांनी काहीतरी जादू केली. कसली जादू, आधी पुष्कळ मार खाल्लाय.

सध्या आमचा वर्ग घेते ती मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान आहे. वर्गात मी तिला सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणतो आणि रांगेत तिच्यासमोर वाकतो. वर्गाबाहेर ती मला काका म्हणते आणि तब्येत विचारते. पहिल्यांदा ती सगळ्यांसमोर 'टाच!' म्हणून ओरडली तेव्हा कान तापले होते. टाच खरंच उचललेली होती, मग बोलणार काय?

तिने आता मला नवी काता दिली आहे, निजुशिहो. त्यात वळताना गुडघा कुरकुरतो. पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि कंबर आधी फिरते, सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. ती म्हणते वजन टाचेवर घेऊन वळा, माझे जुने सोबती म्हणतात चवड्यावर. साठीच्या आसपास असलेले आणि अजून रोज गी, म्हणजे कराटेचा पोशाख, चढवणारे कुणी इथे असाल तर सांगा, तुम्ही कसे वळता?