आजोबांच्या रायफलीत फटाक्याची दारू? तो मेसेज पुढे पाठवू नका

भंडारा-गोंदियाकडच्या गावांत एक मेसेज फिरतो आहे. वाड्यातल्या जुन्या रायफलीची काडतुसे आता मिळत नाहीत, म्हणून घरीच भरा, असा त्याचा सल्ला. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या खोबणीत, बसेल ते काडतूस चालते म्हणे. रिकाम्या पितळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, फटाक्याची दारू बारीक करून काठोकाठ भरायची. ओल लागलेली काडतुसे उन्हात वाळवायची. आणि शंभर वर्षांवरच्या बंदुकीला लायसन लागत नाही. डुकरांपासून धान राखायला हे करून पाहू का, असे माझ्या भाच्याने विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

आधी दारूचे. आवाजाच्या फटाक्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि ऑक्सिजन पुरवणारे क्षार असतात. ते मिश्रण फुटण्यासाठीच केलेले असते. रायफलीला याच्या उलट हवे असते: दारू जळत जावी, दाब चढत जावा आणि गोळी पुढे सरकेल तशी वायूला जागा मिळत जावी. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या .५७७/४५० काडतुसात ८५ ग्रेन, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम काळी दारू असे आणि पुढे ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. त्या दारूचा दाणा मुद्दाम जाड ठेवलेला, कारण दाणा जितका बारीक तितकी दारू लवकर जळते. मेसेजवाला नेमके बारीक करायला सांगतो! ती भुकटी पेटली की गोळी जागची हलायच्या आत दाब टोकाला जातो. मग चेंबर फाटते, नाहीतर मागचा भाग उडतो, आणि मागे चालवणाऱ्याचा चेहरा असतो. बहुतेक वेळा तिथवर जायचीही गरज नाही. असले मिश्रण वाटताना किंवा ठासताना घर्षणानेच हातात पेटते. आजची बिनधुराची दारू काळ्या दारूच्या मापाने भरली तरी रायफलीची हीच गत होते.

‘बसेल ते चालते’ हेही तितकेच घातक आहे. ब्रिटिश काळात .३०३ रायफली बदलून पोलिसांसाठी .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्केट केल्या गेल्या. त्यांचे काडतूस .३०३ च्याच केसवर बेतलेले, म्हणून त्या मस्केटच्या चेंबरमध्ये .३०३ जाऊ शकते. पण गोळी नळीपेक्षा बारीक आणि केसच्या मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाला, आधार नाही, म्हणजे ती केस फाटणार. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, म्हणून बारा बोअरमध्ये चुकून वीस बोअरचे काडतूस घातले तर ते पुढे सरकून नळीत अडकते; त्यामागे बाराचे घालून चाप ओढला की नळीच फुटते.

काडतुसाची ओळख पटवायची तर रिकामी केस आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घ्यायची सरकपट्टी, घ्या. रिमचा, म्हणजे बुडाच्या कडेचा व्यास, रिमच्या लगेच पुढचा व्यास, मानेचा व्यास आणि केसची लांबी मोजा. .३०३ ची केस ५६.४ मिलिमीटर लांब, रिम १३.७. मार्टिनीची केस ५९.७ लांब, रिम सुमारे १९. नुसत्या नावावर जाऊ नका: .५७७/४५० मध्ये पहिला आकडा त्याआधीच्या स्नायडर रायफलीच्या मूळ केसचा आहे, दुसरा नळीचा. केसच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरे दिसली तर माल किरकीचा, म्हणजे पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचा. हे वाचता यावे म्हणून बूड घासून चकचकीत करू नका.

एक गोष्ट मान्य करतो, पितळी केस पुन्हा भरता येते. परदेशात परवानगीने ते होते. पण जुन्या केसला बहुधा बर्डन पद्धतीची टोपी, म्हणजे दारू पेटवणारा बुडातला भाग, असते: केसमध्येच टोपी आपटायची ऐरण, बाजूला दोन बारीक छिद्रे. जळलेली टोपी काढायची नेहमीची सुई तिथे वाकते किंवा मोडते. शिवाय जुन्या टोप्यांमधला पारा उडवल्यावर पितळात शिरून ते ठिसूळ करतो.

उन्हात वाळवण्याबद्दल एवढेच की जुन्या .३०३ मध्ये कॉर्डाइट ही बिनधुराची दारू असते, उष्णतेने ते बिघडते, आणि आपल्याकडच्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको.

लायसनचे मात्र नीट ऐका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच शस्त्राला. तुम्ही काडतूस भरून ती उडवलीत, की ती सूट तुम्हीच मोडीत काढलीत. कलम २ प्रमाणे दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. तो विनापरवाना बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षे कैद, जास्तीत जास्त जन्मठेप.

लायसनधारक वारले असतील तर कलम २१ नुसार वारसांनी उगीच उशीर न करता शस्त्र आणि काडतुसे जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. हिरवट पडलेली काडतुसे पिशवीत घालून मोटारसायकलवर नेऊ नका, आधी ठाणेदारांना कळवा आणि ते सांगतील तसे करा.