तिस्कावरचा वाद: शंभर खाटा एका जागी की पंचवीस-पंचवीस चार जागी?

फोंड्याच्या तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, चहाच्या गाड्यापाशी, भाईने विषय काढला. मडगावला शंभर खाटांचा एकच मोठा निवारा बांधायचा, गोवाभरचे बेघर तिथे न्यायचे, की झालं.

"होत नाही," वकील म्हणाले. "पंचवीस-पंचवीस खाटा चार जागी हव्यात. म्हापशाच्या बाजारात पहाटे माल उतरवणारा हमाल झोपायला मडगावला जाईल? निवारा कामापासून चालत जाण्याइतका जवळ नसेल तर खाटा रिकाम्या राहतात. मग पालिका म्हणते, बेघर आहेतच कुठे!"

मोठी जागा मागण्यामागे एक आकडा आहे, तोही वकिलांनीच सांगितला. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की दर 1 लाख शहरी लोकसंख्येमागे 100 जणांची सोय हवी, माणशी किमान 50 चौरस फूट. 2011च्या जनगणनेत मुरगाव पालिका 94 हजारांवर, मडगाव 87 हजारांवर, पणजी 40 हजार. एकाही गावाचा लाख भरत नाही. राज्याची शहरी लोकसंख्या मात्र 9 लाखांच्या वर, म्हणजे या हिशेबाने 900 जणांची सोय लागते. त्यातही कितीतरी वस्ती कागदावर शहर असली तरी कारभार पंचायतीचा, तेव्हा निवारा कोणी उघडायचा हे तिथेच अडतं. वकिलांचा हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला.

"पण हे सगळे भायले, बाहेरून आलेले," भाई म्हणाला. "आमच्या पैशांनी त्यांना छप्पर कशाला?"

मास्तर चिडले. "घरं बांधायला ते चालतात ना रे तुला? मजुराची खोप कामाच्या जागेवर असते. जूनमध्ये काम थांबलं की खोपही जाते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये राबणाऱ्या पोरांचंही तेच, हंगाम संपला की झोपायची जागा संपली. दिल्लीत थंडीसाठी निवारे उघडतात, आमच्याकडे पावसासाठी उघडायला हवेत. मे अखेरीस तयार, आणि दिवसाही उघडे. सकाळी सातला माणूस बाहेर काढला तर मुसळधार पावसात त्याने बोचकं घेऊन जायचं कुठे?"

पावसावरून सिस्टर बोलायला लागल्या, तेव्हा भाईही गप्प बसून ऐकत होता. जाड ब्लँकेट गोव्यात चार महिने वाळत नाही. म्हणून सुती चादरी घ्यायच्या, माणशी तीन: एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. गादीला रेक्झिनचं कव्हर. खाट लोखंडी, कारण लाकडाच्या सांध्यात ढेकूण राहतात, आणि भिंतीपासून वीतभर दूर.

"आणि खरूज," त्या म्हणाल्या. "एकालाच मलम देतात, म्हणून ती जात नाही. खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री 5 टक्के परमेथ्रिन, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. 8 ते 12 तास ठेवून आंघोळ, आठवड्याने पुन्हा. कपडे गरम पाण्यात, नाहीतर पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस बाजूला. लहान बाळं आणि गरोदर बायका असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं."

"पिऊन आलेल्याला आत घ्यायचं?" भाईचा पुढचा प्रश्न. मास्तर नको म्हणाले, बायका-मुलं असतात. सिस्टर अडल्या. "बायका-मुलांची खोली आणि संडास वेगळे हवेतच. पण त्याला बाहेर ठेवलं तर गटारात पडून मरेल. दाराजवळची खाट द्या, कुशीवर झोपवा, श्वास बघत राहा. हाक मारून उठेना तर 108. रोज पिणाऱ्याची एकदम तुटली तर दोन दिवसांत फिट येऊ शकते, हात थरथरायला लागले की दवाखान्यात न्या. शिक्षा म्हणून कोंडून ठेवू नका."

हे सगळं रात्री दोनला करणार कोण? चोवीस तासांना आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, सुट्टीसाठी चौथा माणूस. चार पगार. इमारतीला पैसे एकदा लागतात, पगार दर महिन्याला. ते धरले नाहीत की दाराला कुलूप लागतं. इथे सगळ्यांचं एकमत झालं.

मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना दिसला तर निवाऱ्यात नेऊन टाकायचं नाही, हे वकिलांनी बजावलं. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 पोलिसांवर जबाबदारी टाकतं: 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणी, कोठडीत ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची तक्रार नोंदवून घरच्यांचा शोध. आपल्याकडे बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. बेघराला उपचार मोफत, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असो वा नसो.

"आणि कागदपत्रं?" मास्तरांनी विचारलं. "दारातच आधार मागतात."

"मागायचंच नाही," वकील म्हणाले. "आधी आत घ्यायचं, कागद मग. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की आधार निघतं, तो दाखला तीन महिने चालतो. मतदार यादीसाठी नमुना 6. बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्जावरच्या जागी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा मतदान केंद्राचा अधिकारी, रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का बघतो, एकापेक्षा जास्त रात्री."

"आणि पावसामुळे त्या रात्री तो दुसऱ्या ओट्यावर गेला असला तर?" भाईने विचारलं.

"तर नाव राहिलं."

भाईने चहाचे पैसे दिले आणि वकिलांना म्हणाला, पालिकेला अर्ज लिहा, सही मी करतो. फक्त त्यात पंचवीस खाटा लिहा, बसस्टँडजवळ. आणि चार पगार.