नाटक निवडायला तीन तास, हिशेबाला पाच मिनिटं

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या कार्यकारिणीच्या बैठका मी वीस वर्षं बघतोय. राज्य नाट्य स्पर्धेला नाटक कुठलं करायचं, नायिका कोण, दिग्दर्शक बाहेरून आणायचा का, यावर रात्री अकरापर्यंत आवाज चढलेले असतात. मग कुणीतरी घड्याळ बघतं. खजिनदार एक कागद वाचतात, 'मंजूर ना?' विचारतात आणि लोक चपला शोधता शोधता 'मंजूर, मंजूर' म्हणतात. वर्षभराचा जमाखर्च असा दारात उभ्याउभ्या पास होतो.

नाटक कसं करावं हे दिग्दर्शकावर सोडावं आणि संस्था कशी चालते यावर कार्यकारिणीनं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं.

२०१९ साली मी सचिव झालो. 'तुझं अक्षर चांगलं आहे, तू हो,' एवढीच माझी निवड. तालमीच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात दाढीमिशांचा डबा आणि वर इतिवृत्ताच्या वह्या. शेवटच्या वहीत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले' एवढं एक वाक्य आणि पुढे सगळी कोरी पानं. धर्मादाय कार्यालयातून अनुसूची एकची, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल काढली. नऊ विश्वस्तांची नावं होती, त्यातले पाच वारलेले. दर तीन वर्षांनी आम्ही नवी कार्यकारिणी निवडत होतो, हार घालत होतो, पेपरात फोटो देत होतो. पण विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तो कुणी दिलाच नव्हता. म्हणजे सरकारी दप्तरी आमच्यातलं कुणीच संस्थेचं कुणी नव्हतं.

हे नुसतं कागदाचं प्रकरण असतं तर इतकं लिहिलं नसतं. आमच्याकडे एक प्रॉम्प्टर काका होते. तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर टॉर्च धरून त्यांनी आमची नाटकं सांभाळली. ते गेल्यावर त्यांचा मुलगा वडिलांच्या नावानं लाइट्ससाठी देणगी घेऊन आला. चेक लिहून तयार होता. त्यानं ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली. २०२१ पासून त्यासाठी सगळ्या संस्थांना आयकर खात्याकडे नव्यानं नोंदणी करावी लागली आणि तीही ठरावीक मुदतीची असते. आम्ही ती केलेली नव्हती. बँकेत ज्यांच्या सह्या चालत होत्या त्या दोघांतले एक परलोकी आणि दुसरे मुलाकडे नागपूरला. काकांच्या मुलानं चेक परत खिशात ठेवला. रागावला नाही. 'तुमचं जुळलं की कळवा दादा,' म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोष कुणाचा? आमचे जुने अध्यक्ष बावीस वर्षं त्या पदावर होते. हॉलचं भाडं, ट्रकचं भाडं, स्पर्धेच्या गावी कलाकारांचं जेवण, सगळं कितीदा तरी त्यांनी खिशातून भरलं. या पदरमोडीचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण तिचा एक परिणाम फार खोल गेला. त्यांचे पैसे कुठले आणि संस्थेचे कुठले हे कुणालाच सांगता येईना, आणि विचारायची सोयही राहिली नाही. जो माणूस स्वतःचे पैसे घालतोय त्याला पावती कशी मागायची? मागितली तर आपण कृतघ्न. असं करत करत संस्था एका माणसाच्या चांगुलपणावर उभी राहिली आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिचे पायच गेले. आता आमच्याकडे नियम आहे: कुणी पदरचे पैसे घातले तर त्याची देणगी किंवा उसनवार म्हणून त्याच आठवड्यात पावती फाडायची. आधी लोकांना तो अपमान वाटला.

नाटकात हात घालण्याबद्दलही बोलतो. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, या नाट्यसंस्थेनं 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वाद झाला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. संस्थेच्या नावाची काळजी वाहणं हे पदाधिकाऱ्यांचं काम आहे, हे मला मान्य आहे. पण नाटक करणारी मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि १९७४ पासून तेच नाटक पुन्हा रंगमंचावर आलं. ही गोष्ट आपण कलाकारांच्या बंडाची म्हणून सांगतो. मला तिच्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. बाहेर पडलेल्यांनी नुसता ग्रुप केला नाही, संस्था बांधली. ऐंशीच्या दशकात याच संस्थेनं नवे नाटककार आणि ठिकठिकाणचे नाट्यगट घडवण्याच्या योजना फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं वर्षानुवर्षं चालवल्या. ज्या संस्थेचं दप्तर वाळवीनं खाल्लंय, तिच्या हाती असं काम कोण देईल?

आमचं दप्तर सावरलं ते एका काकूंनी. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या. पंधरा वर्षं त्या आमच्याकडे नऊवारी नेसवून द्यायच्या. त्यांना कार्यकारिणीत घ्यावं असं कधी कुणाला सुचलंच नाही, कारण ज्याला काम मिळालं नाही त्याला पद द्यायचं, ही आपली रीत. त्यांनी अडीच वर्षं जिल्ह्याच्या गावी खेपा घातल्या. जुन्या सभांच्या नोटिसा, मृत्यूचे दाखले, हयात विश्वस्तांची संमतिपत्रं, सगळं जमवलं. वकिलांनी सुचवलं होतं की जुनी इतिवृत्तं आता 'तयार करून' टाका. काकू म्हणाल्या, 'न झालेल्या सभेवर मी सही करणार नाही.' वेळ लागला, विलंब माफीचे अर्ज करावे लागले, पण त्या हटल्या नाहीत. नेतृत्व म्हणजे काय हे मी त्या वाक्यातून शिकलो.

आता इतिवृत्त त्या लिहितात. मागच्या सभेत तेवीस वर्षांच्या एका मुलीनं स्पर्धेच्या खर्चाला विरोध केला. ठराव बहुमतानं झाला, तरी तिचं नाव आणि तिचं म्हणणं वहीत जसंच्या तसं आहे. पूर्वी आम्ही 'सर्वानुमते' लिहून मोकळे झालो असतो.

घटनेत सलग दोनच मुदतींची अट आम्ही घालून घेतली आहे. माझी दुसरी मुदत यंदा संपते आणि 'तूच राहा रे' असे फोन सुरू झालेत. मी राहणार नाही. नव्या सचिवाला कपाटाची किल्ली देईन, आणि बदल अर्जाची पोच हातात येईपर्यंत त्याच्याबरोबर धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर बसेन.